बॉल पायथनच्या पिल्लाची पेटी

येऊरच्या रानातील देशी अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तो घरी बाळगणे गुन्हाच होय. परंतु भय वाटताच अंगाचा चेंडू करून डोके आत दडविणारा आफ्रिकेतील बॉल पायथन ज्यास पाळावयाचा असेल, त्याने २०२२ च्या दुरुस्तीनुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या दप्तरी त्याची रीतसर नोंद करावी.

प्रशस्त जागा पिल्लास सुखावह वाटेल, ही समजूत सर्वस्वी मानवी आहे. उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढणारा हा प्राणी मोकळ्यावर धास्तावतो, प्रसंगी अन्नही नाकारतो. म्हणून सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची पेटी घेऊन तिच्या दोन्ही टोकांस, अंग भिंतींना टेकेल इतकी अरुंद, एकेक लपण ठेवावी. एक टोक ३१ ते ३३ अंश सेल्सियस, दुसरे २६ च्या आसपास. उष्णतेची पट्टी तळाखाली बाहेरून लावावी आणि थर्मोस्टॅटवाचून कदापि नाही, कारण पोट भाजू लागले तरी साप हलेलच असे नाही.

एरवी पेटीत ओलावा टिकविण्याची काळजी घ्यावी लागते, आपल्याकडील पावसाळ्यात मात्र ती उलट: तळाशी अंथरलेला काथ्याचा भुसा ओलाच राहतो, बुरशी धरते, तेव्हा हवेची छिद्रे वाढवावीत. झाकणास कडी हवीच. तारेसाठी पाडलेले, बोट जाईल एवढे भोकही पिल्लास पलायनास पुरते.