वर्गाबाहेरचे शिक्षण आणि धोक्याची जबाबदारी

विद्यार्थ्याने काही काळ प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकावे, ही पद्धत दिल्लीत नवी नाही. १९४६ साली लखनौ येथे सुरू झालेली आणि १९४७ साली दिल्लीत आलेली समाजकार्याची संस्था पुढे दिल्ली विद्यापीठाचा विभाग बनली. क्षेत्रकार्य हा तेथील अभ्यासक्रमाचा कणाच होय. आज अभियांत्रिकी, विधी, वृत्तविद्या अशा अनेक शाखांचे विद्यार्थी ओखला, फरीदाबाद, गुरुग्राम किंवा नोएडा येथे कामाच्या अनुभवासाठी जातात.

अशा विद्यार्थ्याला इजा झाली, तर जबाबदारी कोणाची? तो धड कामगार नसतो, आणि त्या क्षणी वर्गातही नसतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले. तथापि प्रशिक्षणात झालेल्या इजेच्या भरपाईचा भार मालकावर टाकला. परंतु हे संरक्षण रीतसर करार झालेल्या उमेदवारासाठी आहे. केवळ महाविद्यालयाचे पत्र घेऊन गेलेला विद्यार्थी त्यात सहसा बसत नाही. ही उणीव विद्यापीठ व आस्थापना यांनी लेखी करार आणि विमा यांच्याद्वारे भरून काढावी लागते. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र अधिक व्यापक आहे. वेतन मिळो अथवा न मिळो, प्रशिक्षणार्थी स्त्रीलाही तो लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे त्याने आवश्यक ठरविले आहे.

राजधानी परिसरात आणखी एक अडचण संभवते. दिल्लीतील विद्यार्थिनी सकाळी मेट्रोने निघते आणि तासाभरात हरियाणात किंवा उत्तर प्रदेशात पोहोचते. तेथील पोलीस निराळे, कामगार खातेही निराळे. म्हणून संकटसमयी प्रथम कोणाला कळवावयाचे, हे जाण्यापूर्वीच ठरलेले असावे. परतीच्या प्रवासाची वेळ आणि मे-जून महिन्यांतील प्रखर उन्हाळा यांचाही विचार आधीच व्हावा.

धोका सर्वस्वी टाळणे हा येथे उद्देश नाही. यंत्राला हातच न लावणारा विद्यार्थी यंत्र शिकणार नाही. मात्र शिक्षणासाठी पत्करलेला धोका आणि निष्काळजीपणातून ओढवलेला धोका यांत भेद केला पाहिजे. त्यासाठी अध्यापकाने जागा आधी स्वतः पाहावी, विद्यार्थ्याने करावयाची व न करावयाची कामे लिहून ठेवावीत, आणि कामाच्या जागी देखरेख करणारी व्यक्ती नावानिशी नेमली जावी. प्रारंभीच्या आठवड्यांत अध्यापकाने पुन्हा भेट देणेही अगत्याचे आहे, कारण कागदावरचे काम आणि प्रत्यक्ष सोपविलेले काम यांत पुष्कळदा अंतर पडते.

तरीही सर्वांत महत्त्वाची तरतूद वेगळीच आहे. काम असुरक्षित वाटल्यास ते नाकारण्याची मोकळीक विद्यार्थ्याला असावी, आणि त्यापायी त्याचे गुण कापले जाऊ नयेत. गुणांची भीती असेल तेथे विद्यार्थी गप्प राहतो. आणि तो गप्प राहिला, की धोक्याची वार्ता विद्यापीठापर्यंत अपघातानंतरच पोहोचते.