तेरा फुटांचं घर

आज बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक काम सांगते. सुतळी घ्या आणि अंगणात तेरा फूट लांब, तेरा फूट रुंद असा चौकोन आखा. त्याला एक दार ठेवा. खिडकी नको. आता या चौकोनात चूल, खाट, भांडी, कपडे आणि सगळी पोरंबाळं बसवून बघा.

हे घर पोर्तुगालमधल्या खाणकामगाराचं आहे. चार मीटर बाय चार मीटरची एकच खोली, अशा खोल्यांच्या लांबच लांब चाळी. गावाचं नाव मिना द साओ दोमिंगोस. पोर्तुगीज भाषेत मिना म्हणजे खाण. म्हणजे गावाच्या नावातच खाण आहे, आपल्याकडे एखाद्या गावाच्या नावात वाडी असते तशी.

हे गाव देशाच्या दक्षिण भागात, मेर्तोला तालुक्यात, स्पेनच्या हद्दीजवळ आहे. मुलूख कोरडा आणि उन्हाचा. या दगडात तांबं आहे हे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांना माहीत होतं. त्यांनी इथं खणलं, पुढं जागा विसरली गेली. 1854 साली निकोलाउ बियावा नावाच्या खाणीतल्या जाणकाराला ती पुन्हा सापडली आणि थोड्याच वर्षांत मेसन अँड बॅरी या इंग्रज कंपनीनं काम हातात घेतलं.

इथला दगड म्हणजे पायराइट. पिवळा, सोन्यासारखा चमकणारा. त्यात लोखंड आणि गंधक असतं, इथल्या दगडात तांबंही होतं. तांब्याइतकीच किंमत गंधकाला होती, कारण गंधकापासून तेजाब बनतं आणि तेजाबापासून खत. आपण सुपर फॉस्फेटची गोणी आणतो ना, ते खत करायला हेच गंधकाचं तेजाब लागतं. दगड गावातून आगगाडीनं सतरा-अठरा किलोमीटरवरच्या पोमारांव बंदरात जायचा. तिथून ग्वादियाना नदीतून जहाजं समुद्राकडं आणि पुढं इंग्लंडकडं निघायची.

गाव मोठं झालं. दवाखाना आला, शाळा, नाट्यगृह, बँडपथक, फुटबॉलचं मैदान आलं. पोर्तुगालमध्ये सुरुवातीला ज्या गावांत विजेचे दिवे लागले, त्यांत हे एक. साहेबांसाठी बागेसकट बंगले होते, टेनिसचं मैदान होतं, आणि त्यांची दफनभूमीही वेगळी होती. मेल्यावरसुद्धा रांग वेगळी!

बाईच्या वाट्याला ती तेरा फुटांची खोली होती. भाकरी, म्हणजे त्यांचा पाव, भाजायला चाळीच्या सामाईक भट्ट्या होत्या. संडासही सामाईक. नवरा रात्रपाळी करून आला तर दिवसा तो झोपणार कुठं आणि मुलं जाणार कुठं? इतिहासाच्या पुस्तकांत टनाचे आकडे असतात, हा प्रश्न नसतो. मला मात्र तोच आधी सुचला.

खोली तरी स्वतःची होती का? नाही. घर कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, कंपनीचे स्वतःचे पोलीससुद्धा होते. ज्याच्याकडून पगार घ्यायचा, त्याच्याच छपराखाली झोपायचं, मग तोंड उघडणार कसं? त्यात 1933 नंतर पोर्तुगालमध्ये हुकूमशाही सरकारनं संपावरच बंदी घातली होती.

आणि 1966 साली खाण बंद झाली. शंभर वर्षांचं काम थांबलं. यंत्रं भंगारात गेली, रूळ उखडले. शेतीचा आधार फारसा नव्हता, दुसरा धंदा गावात कोणी उभाच केला नव्हता. माणसं लिस्बनच्या बाजूला गेली, फ्रान्सला गेली, जर्मनीला गेली. मागं राहिली ती बहुतेक म्हातारी माणसं.

मागं अजून एक गोष्ट राहिली, पाणी. पायराइटला हवा आणि पाणी लागलं की त्यातून आपोआप तेजाब तयार होतं. खाण बंद झाली म्हणून दगड थांबत नाही. मोठ्या खड्ड्यात साचलेलं पाणी आणि खालचे ओहोळ गंजल्यासारखे लालतांबडे दिसतात. त्यात मासा जगत नाही, काठावर नीट झाड येत नाही. त्याच गावात कंपनीनं पाण्यासाठी बांधलेला एक मोठा तलाव आहे, तापादा ग्रांद. तो स्वच्छ आहे, उन्हाळ्यात तिथं पोहायला गर्दी होते. एकाच गावात अशी दोन पाणी.

आपल्या शेजारचा गोवा 1961 पर्यंत पोर्तुगालच्याच ताब्यात होता, आणि तिथल्या खाणींचे जुने परवानेही पोर्तुगीज सरकारनंच दिलेले. गोव्याचा दगड वेगळा, लोखंडाचा. तिथं त्रास तेजाबाचा नाही, शेतात वाहून येणाऱ्या लाल गाळाचा आहे. पण 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी थांबल्या, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांचं काय झालं, हे गटाचा हिशोब लिहिणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. ट्रक उभा राहतो, हप्ता उभा राहत नाही.

साओ दोमिंगोसमध्ये साहेबांच्या मुख्य बंगल्यात आता हॉटेल आहे. आणि चाळीतल्या एका खोलीचं गावानं संग्रहालय केलंय, नाव ‘खाणकामगाराचं घर’. आत तेव्हाच्या संसाराचं सामान मांडलेलं आहे. वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं किल्ला येतो, वाडा येतो, देऊळ येतं. कोणाच्या तरी आजीची चूलही जपून ठेवता येते, हे मला या गावानं शिकवलं.

त्या मुलखात कांते नावाचं समूहगाणं आहे. वाद्य कुठलंच नसतं. एक जण सुरू करतो, दुसरा वरचा सूर लावतो, मग सगळे मिळून गातात. शेतात आणि खाणीत राबणाऱ्यांचं हे गाणं 2014 साली युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. बायकांचे गटही ते गातात.

आता अंगणातली सुतळी गुंडाळायला हरकत नाही. पण आपल्या गावातही कोणी गिरणीच्या चाळीत, खाणीवर, साखर कारखान्याच्या कोपीत दिवस काढलेले असतील. पुढच्या बैठकीआधी त्या आजींना विचारा, त्यांची खोली किती बाय किती होती, चूल कुठल्या कोपऱ्यात होती. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून आणा, आपण ते इथं वाचू.