अनुदान कारखान्याला, झळ गावाला

३० सप्टेंबर २०२४ रोजी वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटची शेवटची झोतभट्टी बंद झाली. कारखाना टाटा स्टीलचा, म्हणजे मुख्यालय मुंबईत. झोतभट्ट्यांच्या जागी विजेवर चालणारी भट्टी उभारण्यासाठी १२५ कोटी पौंड लागणार आहेत आणि त्यातले ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकार अनुदान म्हणून देत आहे. नव्या भट्टीला माणसे कमी लागतात, त्यामुळे टाटांच्या ब्रिटनमधल्या सुमारे २,८०० नोकऱ्या जाण्याचा अंदाज होता. कामगारांचे नवे प्रशिक्षण, छोटे धंदे आणि गावाची उभारी यांसाठी वेगळा निधी ठेवला आहे. तो १० कोटींचा. त्यात सरकारचे ८ कोटी, टाटांचे २ कोटी.

भट्टीला ५०, माणसांना ८. भट्ट्यांचे आयुष्य संपत आले होते, कारखाना रोज सुमारे दहा लाख पौंडांचा तोटा सोसत होता आणि अनुदान नसते तर कदाचित सगळेच बंद पडले असते, हे मान्यच आहे. पण सरकारी पैशाची ही वाटणी आजची नाही. तिला नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

तो सुरू होतो १९३४ मध्ये. मंदीने पिचलेल्या दक्षिण वेल्स, ईशान्य इंग्लंड, पश्चिम कंबरलँड आणि स्कॉटलंडच्या औद्योगिक पट्ट्यासाठी त्या वर्षी ‘विशेष क्षेत्र कायदा’ झाला. सुरुवातीची तरतूद २० लाख पौंडांची, गरजेच्या मानाने अगदीच तुटपुंजी. ऑक्टोबर १९३६ मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या जॅरो गावचे दोनशे बेकार काम मागत लंडनपर्यंत चालत गेले, कारण गावाचा आधार असलेली जहाजगोदी बंद पडली होती. तरीही या कायद्याने एक शहाणपणाचे काम केले. गेट्सहेडजवळ टीम व्हॅली, वेल्समध्ये ट्रीफॉरेस्ट आणि ग्लासगोजवळ हिलिंग्टन येथे सरकारी पैशातून औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. रस्ते, वीज आणि भाड्याने तयार गाळे. छोट्या उद्योजकाने यावे आणि यंत्र लावून काम सुरू करावे. या वसाहती आजही चालू आहेत.

युद्धानंतर धोरणाचा कल मोठ्या कारखान्यांकडे झुकला. १९६३ मध्ये सरकारच्या आग्रहाने आणि मदतीने स्कॉटलंडमधल्या लिनवुडला रूट्स कंपनीचा मोटार कारखाना आला. १९८१ मध्ये तो बंद झाला. १९७२ च्या उद्योग कायद्याने मदतीच्या दोन वाटा केल्या. पहिली आपोआप मिळणारी: मागास भागात इमारती आणि यंत्रांवर खर्च करा, २० ते २२ टक्के परत घ्या. दुसरी निवडक: प्रकल्प तपासून, नोकऱ्या मोजून, वाटाघाटी करून. पहिल्या वाटेत नोकऱ्यांची अटच नव्हती. साहजिकच, यंत्रे अवाढव्य आणि माणसे मोजकी अशा उद्योगांनी तिचा भरपूर लाभ उठवला. दर नोकरीमागे १०,००० पौंडांची मर्यादा आली ती १९८४ मध्ये, आणि १९८८ मध्ये ही योजनाच गुंडाळण्याचा निर्णय झाला.

खरी कसोटी १९८० मध्ये लागली. त्या वर्षी कॉर्बी आणि कॉन्सेट या दोन्ही पोलादनगरींतले पोलाद उत्पादन थांबले. कॉर्बीत १९८१ अखेर पाच हजारांवर नोकऱ्या गेल्या, पुढे आकडा ११,००० झाला. नळ्यांचा विभाग तेवढा टिकला. आज तो टाटांकडे आहे. कॉर्बीला अनुदान, युरोपीय निधी आणि १९८१ मध्ये करसवलतींचे ‘उद्योग क्षेत्र’ मिळाले. देशाच्या मध्यभागी असल्याने खाद्यपदार्थांचे कारखाने आणि गोदामे तिथे चटकन आली. मात्र कारखान्याची विषारी जमीन साफ करताना नगर परिषदेने निष्काळजीपणा केला, असा निर्वाळा उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या कुटुंबांनी तो खटला लढवला होता. गाव लवकर उभे करण्याची घाई कुणाला भोवते, ते तिथे कळले.

कॉन्सेट डोंगरावरचे, महामार्गापासून दूर. सुमारे ३,७०० नोकऱ्या एका फटक्यात गेल्या. तिथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘डरवेंट व्हॅली फूड्स’ या छोट्या कंपनीने ‘फिलिअस फॉग’ नावाचा खाऊ देशभर नेला आणि जाहिरातींत गावाचे नावही अभिमानाने मिरवले. एका कंपनीने सगळ्या नोकऱ्या भरून निघाल्या नाहीत, पण गावाचा धीर टिकला.

नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्यांना बोलावण्याची चढाओढ लागली. १९९६ मध्ये एलजीने वेल्सच्या न्यूपोर्टला ६,१०० नोकऱ्यांचे आश्वासन दिले. सार्वजनिक मदत ठरली सुमारे २४.७ कोटी पौंडांची. चिप बनवण्याचा कारखाना बांधून झाला, पण सुरू झालाच नाही. नॉर्थ टाइनसाइडमधल्या सीमेन्सच्या कारखान्याचे उद्घाटन १९९७ मध्ये राणीच्या हस्ते झाले आणि पुढच्याच वर्षी तो बंद करण्याची घोषणा झाली. याउलट संडरलँडची निस्सान: १९८४ चा करार, १९८६ मध्ये पहिली मोटार आणि आज सुमारे ६,००० नोकऱ्या. तिथे सुटे भाग टप्प्याटप्प्याने युरोपातूनच घेण्याची अट होती, त्यामुळे पुरवठादारांची फळी तिच्याभोवती उभी राहिली. कारखान्याची मुळे अशा अटींमुळेच मातीत रुजतात.

अर्थशास्त्रज्ञांचा पुरावाही छोट्या उद्योगांच्या बाजूचा आहे. क्रिस्कुओलो, मार्टिन, ओव्हरमन आणि व्हॅन रीनन यांनी निवडक अनुदानाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. अनुदानाची कमाल मर्यादा दहा टक्के-बिंदूंनी वाढली की त्या भागातला कारखानदारी रोजगार सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, पण ही वाढ फक्त छोट्या कंपन्यांत होते. मोठ्या कंपन्या पैसे घेतात, कामगार वाढवत नाहीत. दुसरीकडे बीटी आणि फोदरगिल या संशोधकांनी दाखवले की खाणी बंद झाल्यावर कोळसा पट्ट्यातले हजारो पुरुष बेकारांच्या यादीत दिसतच नाहीत, ते आजारपणाच्या भत्त्यावर गेलेले असतात. आकडा सुधारतो, घर सुधारत नाही.

वेळेचा प्रश्नही तितकाच मोठा. कारखाना बंद पडल्यावर आलेली मदत देणी भागवण्यातच संपते. २०१५ मध्ये रेडकारचा पोलाद कारखाना बुडाला तेव्हा सरकारने ८ कोटी पौंडांची मदत जाहीर केली, पण त्यातला मोठा वाटा कामगारांना कायद्यानेच देय असलेल्या रकमांत गेला. भारतात आपणही हे पाहिले आहे. कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी १९९२ मध्ये निघालेला राष्ट्रीय नूतनीकरण निधी बव्हंशी स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा वाटण्यात संपला. मुंबईत गिरणगावच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि गिरणी कामगार घरांच्या सोडतीची वाट पाहत राहिले.

म्हणून सरकारी अनुदानाच्या प्रत्येक करारात चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: वचन मोडल्यास पैसे परत, खरेदी स्थानिकांकडून, प्रशिक्षण कारखाना बंद होण्याआधी, आणि छोट्या उद्योगांसाठी राखीव वाटा. करदात्याचा पैसा खर्चायचा असतो तो गावासाठी. भट्टी वाचली आणि गाव उजाड झाले, तर ते अनुदान फसलेच म्हणायचे.