सर्पदंशावरील प्रतिविष आणि नवे प्रथिन-संशोधन

मृगाच्या सरी पडून पेरणीची लगबग सुरू झाली, की बिळांत पाणी शिरल्यामुळे सर्प बाहेर पडतात. उंदीर आणि बेडूक यांच्या मागावर ते बांधावर, गोठ्यात, कडब्याच्या गंजीत आणि घराच्या वळचणीलाही येतात. नेमक्या याच दिवसांत शेतकरी पहाटेपासून रात्रीपर्यंत शेतात वावरत असतो. त्यामुळे सर्पदंश हे मुख्यत्वेकरून शेतकऱ्यावर आणि शेतमजुरावर कोसळणारे संकट आहे.

सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात काढण्यात आला. हे प्रमाण वर्षाला सरासरी ५८ हजार पडते. यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. भारत सरकारनेही मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरविले आहे.

या संकटावर औषध नाही असे नाही. परंतु ते तयार करण्याची रीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि तीत काही उणिवा आहेत. त्या दूर करण्याच्या दिशेने रसायनशास्त्र, कृत्रिम बुद्धिमत्ता, अभियांत्रिकी आणि वैद्यक या चार शास्त्रांनी मिळून अलीकडे एक महत्त्वाचे पाऊल टाकले आहे. ते कोणते, आणि त्याचा आज उपयोग किती, हे समजून घेणे प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या हिताचे आहे.

सध्याचे प्रतिविष कसे तयार होते

दवाखान्यात जिला ‘सापाची लस’ म्हणतात, ती वस्तुतः लस नव्हे. लस रोग होण्यापूर्वी टोचतात. हे औषध दंश झाल्यानंतर द्यावयाचे असते, म्हणून त्यास प्रतिविष म्हणणे अधिक योग्य होय. फ्रान्समधील पाश्चर संस्थेचे आल्बेर काल्मेत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते प्रथम तयार केले. सर्पाचे विष अगदी अल्प मात्रेत घोड्यास टोचावयाचे आणि ती मात्रा हळूहळू वाढवीत न्यावयाची. घोड्याचे शरीर त्या विषाशी झुंजण्यासाठी आपल्या रक्तात प्रतिपिंड निर्माण करते. पुढे घोड्याचे थोडे रक्त काढून त्यातील प्रतिपिंड शुद्ध करून घेतात. हेच प्रतिविष होय.

भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांच्या विषावर चालते. त्यासाठी लागणारे विष अनेक वर्षे मुख्यतः तमिळनाडूतील इरुला आदिवासींच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून आलेले आहे. या औषधाने असंख्य जीव वाचविले आहेत आणि आजही सर्पविषावर उतारा म्हणून दवाखान्यात उपलब्ध असलेले औषध हेच आहे.

तथापि त्याच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी, की घोड्याचे प्रथिन मानवी शरीरास परके असल्याने काही रोग्यांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. दुसरी मर्यादा अशी, की एकाच जातीच्या सर्पाचे विष प्रदेशागणिक बदलते. एका भागातील विषापासून केलेले प्रतिविष दुसऱ्या भागात तितकेच प्रभावी ठरेल असे नाही. तिसरी मर्यादा विषाच्या घडणीतच आहे. नागाच्या विषातील काही अतिशय घातक प्रथिने इतकी लहान असतात, की घोड्याच्या शरीराला त्यांची नीटशी ओळखच पटत नाही आणि त्यांच्याविरुद्ध पुरेसे प्रतिपिंड तयार होत नाहीत. नव्या संशोधनाचा रोख प्रामुख्याने या तिसऱ्या मर्यादेवर आहे.

विषाची ‘तीन बोटे’

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मण्यांची माळ हातात घेऊन चुरगाळली म्हणजे तिची गुंडाळी होते, तशीच ही माळही आपोआप गुंडाळली जाते. फरक इतकाच, की मण्यांचा क्रम ठरला म्हणजे प्रथिनाच्या गुंडाळीचा आकारही ठरतो, आणि आकारावर त्याचे कार्य अवलंबून असते.

नागाच्या विषातील जी प्रथिने मज्जातंतूंवर घाला घालतात, त्यांच्या गुंडाळीतून हाताच्या बोटांसारखे तीन लांबट भाग बाहेर आलेले असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘त्रिअंगुली विषे’ म्हणतात. मज्जातंतूकडून निघालेला निरोप स्नायूच्या ज्या द्वाराशी पोहोचतो, त्या द्वारात हे विष आपले बोट अडकवून बसते. निरोप पोहोचेनासा झाला, की स्नायू लुळे पडतात. प्रथम पापण्या जड होतात, मग बोलणे आणि गिळणे कठीण होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबून रोगी दगावतो. ही बोटे द्वारात शिरण्यापूर्वीच कोणी घट्ट पकडून ठेवली, तर विष निरुपद्रवी होईल. अशी पकड घेणारे नवे प्रथिन घडविणे हाच या संशोधनाचा हेतू होता.

संगणकाची कामगिरी

अमिनो आम्लांचा क्रम पाहून प्रथिनाचा आकार सांगणे हे कोडे रसायनशास्त्रज्ञांना सुमारे पन्नास वर्षे छळीत होते. एकेका प्रथिनाचा आकार प्रयोगशाळेत शोधण्यास महिने, प्रसंगी वर्षे लागत. २०२० साली डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांच्या गटाने ‘अल्फाफोल्ड’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हे कोडे बऱ्याच अंशी सोडविले. २०२२ पर्यंत या पद्धतीने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या आकारांचे अंदाज जगापुढे खुले करण्यात आले.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे डेव्हिड बेकर यांनी याच प्रश्नाची उलटी बाजू हाती घेतली. हवा तो आकार आधी ठरवावयाचा आणि तो आकार देणारे, निसर्गात कोठेही नसलेले प्रथिन घडवावयाचे, असा त्यांचा प्रयत्न होता. असे एक प्रथिन त्यांच्या गटाने २००३ सालीच तयार केले होते. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बेकर, हसाबिस आणि जम्पर या तिघांना मिळाले, ते या दोन कामांबद्दलच.

बेकर यांच्या गटाने २०२३ साली प्रसिद्ध केलेली पद्धत मोठी नवलाची आहे. संगणक आरंभी अणूंची अस्ताव्यस्त विखुरलेली रास घेतो. मग पायरीपायरीने त्यातील गोंधळ दूर करीत, दिलेल्या लक्ष्यावर चपखल बसेल असा आकार तयार करतो. कुलूप समोर ठेवून त्याला लागणारी किल्ली कानशीने घासत घडवावी, तसाच हा प्रकार आहे. त्यानंतर दुसरी संगणकीय पद्धत त्या आकारासाठी अमिनो आम्लांचा क्रम ठरविते आणि तिसरी तो क्रम खरोखरच त्या आकारात गुंडाळला जाईल काय याची पडताळणी करते.

या मार्गाने सुसाना वास्केस टोरेस, डेव्हिड बेकर, डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील टिमोथी जेनकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी त्रिअंगुली विषांना पकडणारी प्रथिने तयार केली. त्यांचा वृत्तांत जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रथिनांचे स्फटिक करून क्ष-किरणांनी तपासले असता, प्रत्यक्ष आकार संगणकाने आखलेल्या आकाराशी फार जवळून जुळला. मज्जातंतूंवरील विषाची प्राणघातक मात्रा दिलेल्या उंदरांना ही प्रथिने दिली असता, विष, मात्रा आणि प्रथिन यांनुसार ८० ते १०० टक्के उंदीर वाचले.

ही प्रथिने करण्यास घोडा लागत नाही आणि सर्पाचे विष काढावे लागत नाही. मधुमेहावरील इन्शुलिन ज्याप्रमाणे सूक्ष्मजंतूंकडून तयार करून घेतात, त्याचप्रमाणे हीही मोठ्या टाक्यांत तयार करता येतात. ती आकाराने लहान असल्यामुळे शरीराच्या पेशीजालात लवकर शिरतील आणि उष्णतेतही टिकतील, अशी आशा आहे. खेड्यातील दवाखान्याच्या दृष्टीने हे गुण फार मोलाचे आहेत.

आशा कोठवर धरावी

परंतु उंदरावरील यश म्हणजे माणसासाठी तयार झालेले औषध नव्हे. हे प्रयोग शुद्ध केलेल्या एकेका विषद्रव्यावर झाले. सर्पाच्या विषात अशी अनेक द्रव्ये एकत्र असतात. ही प्रथिने मानवी शरीरास सुरक्षित आहेत किंवा नाहीत, हे अनेक चाचण्यांनंतरच ठरेल.

महाराष्ट्राच्या दृष्टीने दुसरीही एक गोष्ट महत्त्वाची आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा मुख्य मारा मज्जातंतूंवर नसून रक्तावर आणि शरीराच्या पेशीजालावर असतो, आणि तो त्रिअंगुली विषांमुळे होत नाही. मण्यारीच्या विषातही त्रिअंगुलीखेरीज निराळ्या प्रकारची मज्जातंतुविषे असतात. म्हणजे या चारही सर्पांवर चालणारे नवे औषध व्हावयाचे, तर आणखी कितीतरी प्रथिने घडवावी लागतील. मार्ग सापडला आहे, परंतु मुक्काम दूर आहे.

आज काय करावे

म्हणून आजचा तरणोपाय एकच, आणि तो म्हणजे वेळ न दवडता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोहोचणे. विष एकदा मज्जातंतूच्या द्वाराशी जाऊन बसले, की प्रतिविषाचा गुण कमी येतो. भगताकडे किंवा मांत्रिकाकडे घालविलेला तास रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो.

दंश झालेल्या माणसास धीर द्यावा आणि चालू देऊ नये. दंश झालेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवावा. सूज येण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या, जोडवी आणि पैंजण काढून घ्यावीत. जखमेवर चिरा देऊ नयेत, विष तोंडाने शोषू नये, दोरीने करकचून आवळपट्टी बांधू नये आणि झाडपाल्याचा लेप लावण्यात वेळ घालवू नये. सर्प पकडण्याच्या किंवा मारण्याच्या मागे लागल्यास दुसऱ्यासही दंश होण्याचे भय असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तिला विलंब होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघावे.

मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास होतो. त्याची वेदना नसते आणि खूणही क्वचितच दिसते. पहाटे पोट दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या किंवा बोलणे अडखळू लागले, तर खूण दिसत नसली तरी रुग्णालय गाठावे. घोणस किंवा फुरसे यांचा संशय असता, डॉक्टर रोग्याचे रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे पाहतात. मुलांनाही प्रौढांइतकीच प्रतिविषाची मात्रा लागते, कारण मात्रा विषावर अवलंबून असते, रोग्याच्या वजनावर नव्हे. ही मात्रा पाहून पालकांनी भिऊ नये.

दंश टाळणे हे तर सर्वांत उत्तम. रात्री पिकास पाणी देण्यास जाताना बॅटरी, काठी आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वापरावेत. गवताचा भारा, सरपण किंवा गोवऱ्या उचलण्यापूर्वी त्या काठीने हलवून घ्याव्यात. धान्याची साठवण बंदिस्त ठेवून घरातील उंदीर कमी करावेत. खाटेवर झोपून मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. आपल्या गावाहून जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष मिळते, याची चौकशी प्रत्येक कुटुंबाने पेरणीपूर्वीच करून ठेवावी.

संगणकाने आखलेले प्रथिन पुढे कधीतरी गावच्या आरोग्य केंद्राच्या कपाटात येईल. ते यावयास वेळ लागेल. दरम्यान येणाऱ्या प्रत्येक पावसाळ्यात शेतकऱ्याचे प्राण त्याच्या सावधगिरीवर आणि शेतापासून रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर वाचविलेल्या वेळेवर अवलंबून राहतील.