रक्तातून गेलेला अल्क

१८३१च्या डिसेंबरअखेरीस इंग्लंडातल्या न्यूकॅसलहून बावीस वर्षांच्या एका आयरिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ला पत्र धाडलं. विल्यम ब्रुक ओशॉनेसी त्याचं नाव. तिथे तेव्हा पटकीने थैमान घातलं होतं. रोग्यांचं रक्त तपासून त्याने लिहिलं, की यातलं पाणी घटलंय, मीठ घटलंय आणि निरोगी रक्तात असतो तो मोकळा अल्क काहींच्या रक्तात औषधालाही उरलेला नाही. पुढच्याच महिन्यात त्याने सविस्तर अहवाल दिला. रक्तातून गेलेले क्षार रोग्याच्या पांढुरक्या ढाळात भरपूर सापडतात, हे त्यात होतं.

या पत्राने कित्येक वर्षं माझा पिच्छा सोडलेला नाही. आम्ल-अल्क संतुलनाचा पाठ नर्सिंगच्या मुलींना बाणांच्या तक्त्यावरून पाठ करायला लावतात: पीएच खाली, बायकार्बोनेट खाली, म्हणजे मेटॅबॉलिक ॲसिडोसिस. निपाणी, खानापूर, चंदगडहून बेळगावात शिकायला आलेली मुलगी तो तक्ता घोकते, परीक्षा देते आणि वॉर्डात धापा टाकणारा रोगी दिसला की गोंधळते. माझं ठाम मत आहे, की हा पाठ पटकीपासून सुरू करावा. आपल्या भागाला ती परकी नाही. गावोगावच्या मरीआईला लोक तिच्याच धास्तीने पुजत आले आणि सौंदत्तीची यल्लम्मा असो की पंढरीची वारी, यात्रेच्या वाटेवर तिचं भय कायम असे.

रक्तातून गेलेलं पाणी आणि क्षार शिरेतून परत द्यावेत, असं ओशॉनेसीने सुचवलं. ते प्रत्यक्ष केलं थॉमस लॅटा या स्कॉटिश डॉक्टरने. १८३२च्या मे महिन्यात लीथमध्ये एक म्हातारी अगदी शेवटच्या घटका मोजत होती. लॅटाने तिच्या दंडाच्या शिरेत मीठ आणि सोडा विरघळवलेलं पाणी सोडायला सुरुवात केली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर. आत गेलेले डोळे वर आले, नाडी लागली, आता बरं वाटतंय असं ती स्वतः म्हणाली. लॅटा तिला रुग्णालयाच्या सर्जनवर सोपवून निघून गेला. ढाळ-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, शिरेत पुन्हा पाणी कोणी सोडलं नाही आणि साडेपाच तासांत ती गेली. पाणी बरोबर होतं, त्यात अल्कही होता. किती बाहेर गेलं आणि किती आत जायला हवं, हे तासातासाला मोजणारं माणूस तिच्या उशाशी नव्हतं. इनटेक-आउटपुट चार्ट भरायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीला ही हकीकत सांगावी.

पुढे हे ज्ञान जवळजवळ विस्मरणात गेलं. ओशॉनेसी १८३३मध्ये कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, रसायनशास्त्र शिकवू लागला आणि नंतर हिंदुस्थानभर तारायंत्राचं जाळं उभारण्यात गुंतला. सरदारकी मिळाली ती त्या कामासाठी. पटकीच्या रोग्याला अल्क लागतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनिलात सेलार्ड्‌स आणि कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांना नव्याने दाखवून द्यावं लागलं. १९५३मध्ये कलकत्त्याच्याच हेमेंद्रनाथ चटर्जींनी १८६ रोग्यांना मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजल्याचं लिहिलं. ढाळ आवरायला त्यांनी पानओव्याचा रस दिला होता, आपल्या परसात कुंडीत असतो तोच. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा घातला. ते पाणी नातेवाइकांनीच रोग्यांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. त्यातला सोडा म्हणजे ओशॉनेसीला न सापडलेला अल्क. आजच्या ओआरएसच्या पुडीत सोड्याऐवजी सायट्रेट असतं, कारण दमट हवेत ते जास्त टिकतं. शरीरात गेल्यावर त्याचं बायकार्बोनेटच होतं.

आता वॉर्डात या. समजा, जुलाबाच्या रोग्याचा एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंचा अहवाल, आला: पीएच ७.२२, बायकार्बोनेट १०, कार्बन डायऑक्साइडचा दाब २५. अल्क ढाळातून गेला म्हणून रक्त आम्लाकडे झुकलं. ते सावरायला फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकू लागली, म्हणून श्वास खोल आणि जलद. छाती स्वच्छ आणि तरी धाप, हे चित्र एबीजी येण्याआधीच सिस्टरला दिसतं. फुप्फुसं पुरेसं सावरतायत का, हे पाहायला अपेक्षित दाब काढायचा: बायकार्बोनेटची दीडपट अधिक आठ, म्हणजे २३. दोन इकडे-तिकडे चालतात, तेव्हा २५ हा आकडा बसतो. याच रोग्याचा दाब तासाभराने ३८ आला तर? तक्त्यात तो नॉर्मल. प्रत्यक्षात श्वासाचे स्नायू थकलेत आणि पीएच ७.०४वर घसरलाय. धाप कमी झाली म्हणून हायसं वाटण्याची ही वेळ नव्हे, डॉक्टरांना तडक बोलावण्याची आहे.

आरएल (रिंगर लॅक्टेट) की एनएस (नॉर्मल सलाईन), हा वादही इथलाच. नॉर्मल सलाईनमध्ये सोडियम आणि क्लोराइड दोन्ही १५४, अल्क शून्य. बाटल्यांवर बाटल्या गेल्या की नाडी भरते, पण वाढलेल्या क्लोराइडमुळे आम्लता रेंगाळते. अलेक्सिस हार्टमनने १९३०च्या दशकात रिंगरच्या द्रावणात लॅक्टेट घातलं ते मुलांच्या ॲसिडोसिससाठीच. यकृत त्याचं बायकार्बोनेट करतं. जुलाबाच्या रोग्याला म्हणूनच आधी आरएल.

निपाणीकडून येणारा दुसरा रोगी वेगळा. वर्षानुवर्षं विडी ओढलेला, तंबाखूच्या वखारीत धूळ खाल्लेला म्हातारा. याचा कार्बन डायऑक्साइड कायम चढलेला असतो आणि मूत्रपिंडांनी सावकाश, दिवसादिवसांनी, अल्क साठवून पीएच सावरलेला असतो. त्याचं बायकार्बोनेट ३४ दिसलं तर तो आजार नाही, तडजोड आहे. दम लागला म्हणून घाबऱ्या नातेवाइकांच्या आग्रहाने मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडला, तर तो तासाभरात झापडू लागतो. अशा रोग्याचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवायचं, फ्लोमीटरवर हात ठेवून, आणि ‘आजोबा, नाव सांगा’ असं दर थोड्या वेळाने विचारत राहायचं. उत्तर अडखळलं की एबीजी पुन्हा.