नोटीस आणि दखल

इंग्रजीतून आलेले काही शब्द आमच्या मुळशी तालुक्यात असे मुरले आहेत की, ते परके आहेत हे सांगूनही कोणास पटायचे नाही. ‘नोटीस’ त्यांतलाच. तो मराठीत स्त्रीलिंगी झाला, ‘नोटिशीला’, ‘नोटिशीवर’ असा चालू लागला. याहून पक्के नागरिकत्व ते कोणते?

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जाणणे. म्हणून इंग्रजीत त्याची दोन अंगे आहेत: एक कळवणे, दुसरे लक्ष जाणे. मराठीत पहिलेच आले, कारण शब्द आला तो कचेरीच्या दाराने. आपल्याकडे नोटीस येते, लागते, बजावली जाते. दुसऱ्या अंगासाठी ‘दखल’ हा शब्द होताच.

हा भेद नुसता कोशातला नव्हे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. जमिनी घेण्याचा कायदा १८९४ चा. ताबा घेण्यापूर्वी गावात नोटीस लावावी, असे त्यात होते. शेतकऱ्याने बोलायचे ते मोजणीविषयी आणि किमतीविषयी. ‘जमीन घेऊच नका’ अशी हरकत नोंदवण्याची सोय कलम ५-अ ने झाली, ती १९२३ च्या दुरुस्तीने. मुदत तीस दिवस! तोवर नोटीस होती, दखल नव्हती. धरण झाले आणि त्याच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली.

कामगार संघटनेत गंगा उलटी वाहते; संपाची नोटीस आम्ही देतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात चौदा दिवसांची अट लोकोपयोगी सेवांपुरती होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती साऱ्या कारखान्यांना लावली. तरुण कार्यकर्ते विचारतात, आधीच सांगून ठेवल्यावर हिसका बसायचा कसा? प्रश्न रास्त आहे, आणि अट आम्हांलाही जाचतेच. पण निदान पोच घ्या, असे आम्ही म्हणतो. तारीख आणि शिक्का पडला की ‘आम्हांस ठाऊकच नव्हते’ ही पळवाट बुजते. एका मालकाने आमचा लखोटा तीनदा न फोडता परत धाडला होता. चौथ्या खेपेस आम्ही साक्षीदार घेऊनच गेलो.

हिंजवडीही याच तालुक्यात. तेथील मुले ‘मी नोटिशीवर आहे’ म्हणतात, म्हणजे राजीनामा देऊन मुदत भरत असतात. तीच मुले एकमेकांना विचारतात, ‘तू नोटीस केलंस का?’ येथे कागद नाही, डोळे आहेत. शंभर वर्षे दाराबाहेर राहिलेले दुसरे अंग आता मराठीत शिरत आहे. शुद्धतेचे कैवारी नाक मुरडतात, आम्ही मुरडत नाही.