संचयन साधने, लिनक्समधील : अभिज्ञान व दोषनिवारण

वीजपुरवठा खंडित झाल्यावरही माहिती टिकवून धरणाऱ्या संगणकीय साधनांना संचयन साधने म्हणतात. हार्ड डिस्क, एसएसडी व पेन ड्राइव्ह ही त्यांची परिचित उदाहरणे होत. जोडलेल्या साधनाचे अस्तित्व जाणणे, त्यास योग्य ती चालक आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर लावणे व ते वापरास खुले करणे, या क्रियेस अभिज्ञान म्हणता येईल. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या लिनक्स प्रणालीत ही क्रिया टप्प्याटप्प्याने होते. ‘डिस्क दिसत नाही’ ही एकच तक्रार भिन्न कारणांनी उद्‌भवते. कारण न शोधता डिस्क कोरी समजून तिचे फॉरमॅटिंग केल्यास तीवरील शाबूत माहितीही गमावली जाते. म्हणून दोष कोणत्या टप्प्यावर आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

अभिज्ञानाची प्रक्रिया : पीसीआय मार्गावरील प्रत्येक नियंत्रकात उत्पादक व प्रतिमान दर्शविणारे प्रत्येकी १६ बिटांचे क्रमांक आणि एक वर्गसंकेत असतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, हे क्रमांक चालक आज्ञावल्यांच्या कोष्टकांशी ताडून पाहतो. साटा नियंत्रकास बहुधा एएचसीआय, तर यूएसबी साधनास यूएएस किंवा यूएसबी-स्टोरेज ही आज्ञावली लागू पडते. एनव्हीएमई डिस्कमध्ये नियंत्रक अंगभूतच असून तिची आज्ञावली २०१२ पासून गाभ्यात समाविष्ट आहे. त्यानंतर डिस्कला ‘एसडीए’ यासारखे नाव मिळते, तीवरील विभाग वाचले जातात व शेवटी फाइल व्यवस्था माउंट होते. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे अभिज्ञानाच्या क्रमानुसार बदलू शकतात. यास्तव कायम नोंदीसाठी यूयूआयडी हे ओळखचिन्ह वापरणे श्रेयस्कर असते.

दोषनिदान : ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने नियंत्रकांची यादी मिळते. नियंत्रक तीत नसल्यास दोष जोडणीत, यंत्रभागात किंवा बायॉसच्या मांडणीत असतो. यादीत तो असून त्यापुढे चालक आज्ञावलीचे नाव नसल्यास ती भारित झालेली नसते, वर्ज्य यादीत असते किंवा गाभा त्या नियंत्रकाहून जुना असतो. आज्ञावली लागली असूनही डिस्क प्रकट होत नसेल, तर गाभ्याचे संदेश ‘डीमेसेज’ने वाचावेत. दुवा वारंवार तुटल्याच्या नोंदी सदोष केबल किंवा अपुरा वीजपुरवठा सूचित करतात. ‘एलएसबीएलके’च्या यादीत डिस्क आहे, पण फाइल दिसत नाहीत, अशा वेळी अभिज्ञान पूर्ण झालेले असून दोष विभाग-कोष्टकात किंवा फाइल व्यवस्थेत असतो.

इंटेल प्रक्रियकाच्या काही संगणकांत नियंत्रक रेड पद्धतीवर ठेवलेला असतो. त्यामुळे एनव्हीएमई डिस्क त्यामागे झाकली जाऊन लिनक्सच्या प्रस्थापनेच्या वेळी ती आढळत नाही. बायॉसमध्ये एएचसीआय पद्धत निवडताच ती दिसू लागते. तथापि त्याच संगणकावर विंडोज असल्यास तीत आधी योग्य तो बदल केल्याशिवाय ती सुरू न होण्याचा संभव असतो.

संगणक सुरू होतानाचे दोष : मूळ फाइल व्यवस्था वाचण्यासाठी डिस्कची चालक आज्ञावली लागते. ती गाभ्यात अंतर्भूत नसून त्या डिस्कवरच असेल, तर पेच निर्माण होतो. तो टाळण्यासाठी आवश्यक आज्ञावल्या इनिट्रॅमएफएस या प्रारंभिक संचात घालून गाभ्याबरोबर स्मृतीत आणल्या जातात. डिस्क दुसऱ्या प्रकारच्या नियंत्रकास जोडल्यावर प्रणाली सुरू होत नसेल, तर नवी आज्ञावली या संचात नसणे हे एक संभाव्य कारण होय. अशा वेळी पेन ड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करून संच पुन्हा तयार करतात.

माहितीची सुरक्षितता : संदेशांत वाचन-त्रुटी आढळल्यास डिस्क निकामी होत असण्याचा संभव असतो. फाइल व्यवस्था दुरुस्त करणाऱ्या आज्ञावल्या डिस्कवर लेखन करतात. म्हणून त्या चालविण्यापूर्वी ‘डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने दुसऱ्या डिस्कवर संपूर्ण प्रत घ्यावी व दुरुस्तीचे प्रयोग प्रतीवरच करावेत. वरील निदानाच्या तीनही आज्ञा केवळ वाचन करीत असल्याने त्यांच्या वापराने डिस्कवरील माहितीस धोका पोहोचत नाही.